सवलतीतली डेमो इलेक्ट्रिक गाडी: घ्यावी की सोडावी?

शोरूमच्या दारात उभी असलेली, अंगावर 'टेस्ट ड्राइव्ह' लिहिलेली, तीन-चार हजार किलोमीटर फिरलेली इलेक्ट्रिक गाडी. नव्यापेक्षा दहा-बारा टक्के स्वस्त आणि लगेच मिळणारी. असा सौदा समोर आला की बहुतेकांची नजर आधी ओडोमीटरवर जाते. पेट्रोल गाडीत ती सवय ठीक होती. इलेक्ट्रिक गाडीत मात्र तो आकडा फारसं काही सांगत नाही, कारण तीन हजार किलोमीटरमध्ये मोटर आणि गिअरबॉक्सचं काहीच झिजत नाही. खरा हिशेब तारखांचा असतो. गाडी बनली कधी, वॉरंटीचं घड्याळ सुरू झालं कधी, आणि तेच मॉडेल आज नवं घेतलं तर केवढ्याला पडतं, एवढं कळलं की निर्णय जवळजवळ झालेला असतो. बॅटरी, टायर, रंग यांची तपासणी त्यानंतर.

जाण्याआधी फोनवरच विचारा

'डेमो' हा शब्द सैल आहे. चार वेगळ्या प्रकारच्या गाड्या त्याच नावाने विकल्या जातात. पहिली खरी टेस्ट ड्राइव्हची, जी दिवसाला पाच-सहा अनोळखी लोक चालवतात. दुसरी शोरूममध्ये नुसती मांडून ठेवलेली. तिसरी शोरूमच्या अधिकाऱ्याने रोज वापरलेली. चौथी, विक्रीचा आकडा गाठायला शोरूमने स्वतःच्या नावावर नोंदवून यार्डात लावून ठेवलेली. या चौघींत सगळ्यात बरी बहुधा तिसरी असते, कारण चालवणारा एकच आणि गाडी नियमित हललेली. चौथी दिसायला कोरी असते, पण वर्षभर उभी असेल तर तिचे प्रश्न फिरलेल्या गाडीपेक्षा जास्त निघू शकतात. त्यामुळे 'किती फिरली?' याच्या जोडीला 'कोणी आणि कशी वापरली?' हेही विचारा.

सोबत चार गोष्टी लेखी मागा. मेसेजवर आल्या तरी चालेल.

१. पूर्ण १७ अक्षरी चासी नंबर आणि उत्पादनाचा महिना. हा महिना चालकाच्या दाराच्या खांबावरच्या पट्टीवर किंवा स्टिकरवर बहुधा असतो.
२. गाडीची नोंदणी झाली आहे का, झाली असेल तर कोणत्या तारखेला, कोणाच्या नावावर आणि कोणत्या वापरासाठी.
३. वॉरंटी सुरू झाल्याची तारीख, कंपनीच्या प्रणालीत दिसते तशी. शोरूमचा माणूस तोंडी सांगेल ती धरू नका.
४. नेमकं व्हेरियंट: बॅटरीची क्षमता, गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरची (घरची वीज बॅटरीला चालेल अशी करून देणाऱ्या भागाची) क्षमता, हीट पंप (थंडीत कमी विजेत आतली हवा तापवणारी यंत्रणा) आहे की नाही.

चासी नंबर द्यायला कोणी कां-कूं करत असेल तर तिथेच थांबा. त्या नंबरावर कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा ग्राहक सेवेकडे रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करायला कंपनीने गाडी परत बोलावणं, बाकी आहे का ते बघता येतं. इलेक्ट्रिक गाड्यांमध्ये ही औपचारिकता नाही. शेव्हरोले बोल्टच्या बॅटरीतल्या दोषामुळे जनरल मोटर्सने २०२१ मध्ये त्या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या परत बोलावल्या होत्या. शिवाय डेमो गाडी 'आपलीच तर आहे' म्हणून तिची रिकॉलची कामं मागे पडलेली असू शकतात. काम बाकी असेल तर ते झाल्याची जॉबकार्ड प्रत आल्यावरच पुढे सरका.

वॉरंटीचं घड्याळ

बऱ्याच कंपन्या बॅटरीवर ८ वर्षं किंवा १,६०,००० किलोमीटर, यातलं जे आधी पुरं होईल तोवर वॉरंटी देतात, आणि त्या मुदतीत क्षमता ७० टक्क्यांच्या खाली गेली तर जबाबदारी घेतात. बाकी गाडीची वॉरंटी याहून बरीच कमी असते. हे घड्याळ गाडी पहिल्यांदा वापरात आली त्या दिवशी सुरू होतं. तुम्ही पैसे भरले त्या दिवशी नव्हे. डेमो अकरा महिने वापरली असेल तर तुमच्या वाट्याची अकरा महिन्यांची वॉरंटी गेलेलीच आहे.

वाटाघाटीत 'वॉरंटी नव्याने सुरू करून देऊ' असं आश्वासन मिळू शकतं. नोंदणी न झालेल्या गाडीत काही कंपन्या तसं करतातही. मात्र पुरावा एकच: कंपनीच्या प्रणालीतून काढलेली, चासी नंबर आणि नवी तारीख असलेली छापील प्रत. शोरूमच्या लेटरहेडवरच्या ओळीला कंपनी बांधील नसते, आणि पाच वर्षांनी ते शोरूम तिथे असेल याची खात्री कोणी देत नाही.

वॉरंटीच्या पुस्तिकेतली आणखी दोन कलमं शांतपणे वाचा. एक, दुसऱ्या मालकाला मिळणारं संरक्षण. काही कंपन्या वाढीव वॉरंटी फक्त पहिल्या मालकाला देतात, आणि डेमो शोरूमच्या नावावर नोंदलेली असेल तर तुम्ही दुसरे ठरता. दोन, व्यावसायिक वापर. गाडी व्यावसायिक म्हणून नोंदली असेल तर वर्षं आणि किलोमीटर दोन्ही कमी असू शकतात. पुस्तिकेत स्पष्ट नसेल तर कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा.

सवलत कशाच्या तुलनेत?

शोरूम सवलत मोजतं ती छापील किमतीवरून. तुम्ही मोजायची ती त्याच आठवड्यात नवी गाडी घासाघीस करून प्रत्यक्ष केवढ्याला मिळते त्यावरून. म्हणून डेमो बघण्याआधी दुसऱ्या एखाद्या शोरूममधून नव्या गाडीचं लेखी कोटेशन घ्या.

समजा छापील किंमत १०० भाग आहे. नवी गाडी घासाघीस करून ९५ ला मिळते आणि डेमो ८६ ला. पाटीवर १४ टक्के सवलत दिसते, पण हिशेबात धरायचा फरक ९ भागांचाच. आता त्यातून वजाबाक्या करा. खालचे आकडे पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत, तुमच्या गाडीचे तुम्ही घाला.

वाढीव वॉरंटीला वर्षाला दीड भाग पडत असेल तर गेलेल्या दहा महिन्यांचे १.२५. टायरचा पूर्ण संच अडीच भागांना येत असेल आणि तिसरा हिस्सा झिजला असेल तर ०.८. फक्त नव्या गाडीच्या पहिल्या नोंदणीवर मिळणारं अनुदान किंवा करसवलत हुकली, तिचे २. पुढे विकताना कागदावर एक मालक जास्त आणि गाडी वर्षाने जुनी, त्याचे ३. बेरीज ७.०५. म्हणजे ९ पैकी हातात राहिले जेमतेम २ भाग.

हे झालं रोखीने घेणाऱ्याचं. कर्ज काढणाऱ्याला आणखी एक खाच आहे. नोंदणी झालेली डेमो बँकेच्या लेखी जुनी गाडी ठरू शकते आणि जुन्या गाडीच्या कर्जाचा दर चढा असतो. दोन्हीकडे सुरुवातीला १६ भाग स्वतःचे भरले आणि उरलेलं कर्ज ५ वर्षांचं काढलं असं धरू. नव्या गाडीचे ७९ भाग ९ टक्क्यांनी फेडताना एकूण ९८.४ जातात. डेमोचे ७० भाग ११ टक्क्यांनी फेडताना ९१.३. म्हणजे ९ भागांचा फरक ७.१ वर आला. त्यातून वरचे ७.०५ गेले की उरलं शून्य. चौदा टक्के सवलतीची गाडी आणि फायदा काहीच नाही, असं होतं ते या वाटेने.

सगळ्या वजाबाक्या करून चार-पाच भाग तरी उरत असतील तरच डेमोच्या वाटेला जावं. त्याहून कमी उरत असतील तर नवी घ्या, पहिल्या मालकाचं सुख फुकट मिळतं. अपवाद दोनच: नव्या गाडीसाठी सहा-आठ महिने थांबावं लागत असेल, किंवा तुम्हाला हवं असलेलं व्हेरियंट आता बनतच नसेल.

इलेक्ट्रिक गाड्यांच्या नव्या किमती अचानक खाली येतात, हेही लक्षात ठेवा. टेस्लाने जानेवारी २०२३ मध्ये अमेरिका आणि युरोपात काही मॉडेलच्या किमती जवळपास २० टक्क्यांपर्यंत उतरवल्या. त्याच्या आदल्या आठवड्यात सवलतीत डेमो घेणाऱ्याची सगळी सवलत एका सकाळी पुसली गेली. मॉडेलची नवी आवृत्ती येऊ घातली असेल, स्पर्धक कंपनीने किंमत पाडली असेल, तर डेमो विकायची घाई शोरूमला आहे. तुम्ही घाई करू नका. जुन्या आवृत्तीत चार्जिंगचा वेग कमी किंवा बॅटरी लहान असेल तर तो फरक सॉफ्टवेअरने भरून येत नाही.

बॅटरी: डेमोपणाचा खरा परिणाम

लिथियम-आयन बॅटरी वापरली नाही तरी म्हातारी होते. सेलमधल्या ग्रॅफाइटवर एक पातळ थर चढत जातो आणि त्यात थोडंथोडं लिथियम कायमचं अडकतं. हा थर उष्णतेत आणि भरलेल्या चार्जवर जास्त वेगाने वाढतो. पहिल्या वर्षी क्षमता जराशी पटकन उतरते, मग वेग मंदावतो. आता डेमो गाडीचा दिनक्रम डोळ्यांसमोर आणा: ग्राहकाला पडद्यावर भरघोस रेंज दिसावी म्हणून रोज १०० टक्के चार्ज, आणि मग दिवसभर उन्हात. बॅटरीला सगळ्यात न मानवणारं हेच. अधूनमधून केलेल्या फास्ट चार्जिंगची लोक जास्त धास्ती घेतात, प्रत्यक्षात वर्षभरातल्या काही डझन फास्ट चार्जपेक्षा हे उन्हातलं शंभर टक्के जास्त नडतं.

बॅटरी कोणत्या जातीची यावरही अवलंबून आहे. एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटरी पूर्ण चार्ज बऱ्यापैकी सोसते. काही कंपन्या तर आठवड्यातून एकदा ती १०० टक्के भरा असंच सांगतात, कारण एलएफपीचा व्होल्टेज मधल्या पट्ट्यात जवळपास सपाट असतो आणि पूर्ण भरल्याशिवाय गाडीला टक्केवारीचा नीट अंदाज येत नाही. एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट) बॅटरीला मात्र रोजच्या वापरात ८० टक्क्यांच्या आसपास थांबणं मानवतं. म्हणजे वर्षभर १०० टक्क्यांवर ठेवलेली एनएमसी डेमो असेल तर मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

पडद्यावरच्या रेंजवरून बॅटरीची पारख करता येत नाही. तो आकडा मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून काढलेला अंदाज असतो. टेस्ट ड्राइव्हला येणारा प्रत्येक जण एकदा तरी पाय दाबून बघतो, त्यामुळे धडधाकट डेमोची रेंजही कमी दिसते. उलट, कोणी ट्रिप आणि सेटिंग रीसेट करून ठेवलं असेल तर थकलेली बॅटरीही ऐटीत आकडा दाखवते.

मोजायच्या तीन पद्धती आहेत, जमल्यास दोन तरी करा.

*स्कॅनरने.* ओबीडी पोर्टला, म्हणजे गाडीतले दोष वाचायच्या सॉकेटला, ब्लूटूथ स्कॅनर लावून त्या मॉडेलला चालणाऱ्या ॲपमधून बॅटरीचं आरोग्य, म्हणजे एसओएच, बघा. सगळ्या गाड्या ते उघड करत नाहीत. जिथे दिसतं तिथे सेलच्या व्होल्टेजमधला फरकही बघा. तासभर शांत उभ्या असलेल्या गाडीत सगळ्यात वरच्या आणि सगळ्यात खालच्या सेलमध्ये १०–२० मिलिव्होल्टचा फरक ठीक. ५० च्या वर गेला तर शोरूमकडून खुलासा मागा. एलएफपीत मधल्या पट्ट्यात हा फरक लपून राहतो आणि १०० टक्क्यांजवळ अचानक फुगलेला दिसतो, म्हणून पूर्ण चार्जनंतर जरा वेळ जाऊ देऊन मोजा. काही गाड्यांत आजवर डीसीने (फास्ट चार्जरने) आणि एसीने (घरच्यासारख्या साध्या चार्जरने) किती वीज भरली तेही कळतं.

*चालवून.* याला कोणतंही यंत्र लागत नाही. ट्रिप मीटर शून्य करा, सुरुवातीची टक्केवारी टिपा, आणि न थांबता चालवा. समजा ८० टक्क्यांवर निघालात आणि ६० वर परतलात, अंतर ७८ किलोमीटर, सरासरी खप १०० किलोमीटरला १५.४ किलोवॉट-तास (म्हणजे युनिट). खर्च झाली ७८ × १५.४ ÷ १०० = १२ किलोवॉट-तास. हे २० टक्क्यांत गेले, म्हणजे पूर्ण बॅटरी १२ ÷ ०.२० = ६०. कंपनीने सांगितलेली वापरण्याजोगी (राखीव भाग सोडून उरणारी) क्षमता ६२ असेल तर सुमारे ९७ टक्के शिल्लक. सावधगिरी दोन ठिकाणी हवी. पडद्यावरची टक्केवारी पूर्णांकात असते, त्यामुळे २० टक्क्यांच्या फेरीत उत्तर पाच टक्के इकडेतिकडे होऊ शकतं आणि १० टक्क्यांच्या छोट्या फेरीत दहा टक्के. जितकी लांब फेरी, तितका खरा आकडा. आणि काही गाड्या उभ्या असताना वातानुकूलनाने खाल्लेली वीज सरासरी खपात धरत नाहीत, म्हणून मध्ये थांबून गप्पा मारू नका. तुलना करताना एकूण क्षमता घ्यायची नाही, वापरण्याजोगीच घ्यायची. ही चूक हमखास होते आणि मग चांगली बॅटरी ९३ टक्क्यांची वाटते.

*भरून.* गाडी १० टक्क्यांवर असताना एसी चार्जरला लावा आणि ९० पर्यंत किती युनिट गेले ते चार्जरच्या मीटरवर बघा. ६० किलोवॉट-तासांच्या बॅटरीत ४८ साठायला हवेत. गाडीतल्या चार्जरमध्ये आणि उष्णतेत साधारण १० टक्के वीज वाया जाते, म्हणजे मीटरवर ५३ च्या आसपास दिसायला हवं. ही पद्धत ढोबळ आहे, पण मोठी गडबड लपत नाही.

वर्षभराच्या आतल्या गाडीत ९५ टक्के किंवा अधिक असेल तर निश्चिंत राहा. ९२–९४ निघाले तर किंमत कमी करायला सांगा. ९० च्या खाली असेल तर मी म्हणेन सोडा: ७० टक्क्यांच्या कलमात ती बसत नाही, म्हणजे कंपनी हात लावणार नाही, आणि तोटा मात्र तुमचा.

बारा व्होल्टची छोटी बॅटरी

उभ्या राहिलेल्या डेमोत सगळ्यात आधी दगा देते ती ही. मोठी बॅटरी ९० टक्के भरलेली असली तरी तिला गाडीशी जोडणारे कॉन्टॅक्टर (मोठे स्विच) बारा व्होल्टवर चालतात. छोटी बॅटरी मेली की गाडी नुसता दगड. शोरूममध्ये लोक दारं उघडून बसतात, पडदा चालू करतात, गाणी लावतात, डिकी उघडी ठेवतात, आणि मोठी बॅटरी जागी नसल्यामुळे सगळा भार या छोटीवर पडतो. लेड-ॲसिड प्रकारची असेल तर वारंवार रिकामी होऊन तिच्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि मग ती पुन्हा पूर्ण भरत नाही.

तपासायचं असं: गाडी लॉक करून निदान दोन तास सोडा, मग मल्टिमीटर लावा. १२.६ च्या आसपास उत्तम. १२.४ च्या खाली शंकास्पद. १२.० म्हणजे रिकामी. मग गाडी 'रेडी' करा. आकडा साधारण १३.५ ते १४.७ च्या मध्ये चढला तर मोठ्या बॅटरीकडून छोटीला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर काम करतोय. चढला नाही तर प्रश्न बॅटरीपेक्षा मोठा आहे. काही गाड्यांत बारा व्होल्टची लिथियम बॅटरी असते. तिला हे आकडे लागू नाहीत, तिथे सर्व्हिस सेंटरचा अहवाल मागा. लेड-ॲसिड असेल तर सौद्यातच नवी बसवून घ्या. गाडीच्या किमतीपुढे ती किरकोळ आहे आणि शोरूम त्यावरून फार ताणत नाही.

चार्जिंगची चाचणी

चार्जिंग पोर्टचं झाकण उघडून टॉर्चने आत बघा. पिनांवर तपकिरी डाग, वितळल्यासारखं प्लास्टिक किंवा जळका वास असेल तर केबल ढिली बसून तापलेली आहे. मग एसी चार्जर लावा आणि अर्धा तास सोडा. पाच मिनिटांत उरकू नका: ऑनबोर्ड चार्जरमधला दोष किंवा त्याच्या थंडाव्यातली अडचण गरम झाल्यावरच बाहेर येते. २३० व्होल्ट आणि ३२ अँपिअरवर सुमारे ७.३ किलोवॉट मिळायला हवेत. पडद्यावर ३.३ दिसत असतील तर तीन शक्यता: गाडीत छोटाच चार्जर आहे, सेटिंगमध्ये मर्यादा घातली आहे, किंवा भिंतीवरचा चार्जर कमी देतोय. डेमोत सुरुवातीच्या खेपेतला छोटा चार्जर असू शकतो, म्हणून फोनवर विचारलेलं उत्तर इथे पडताळून घ्या.

डीसी फास्ट चार्जिंगची चाचणी २०–३० टक्क्यांवर आणि थोडी चालवून ऊबदार झालेल्या बॅटरीवर करा. ८० टक्क्यांवर लावून 'वेग कमी आहे' म्हणणं चुकीचं, तिथे प्रत्येक गाडी स्वतःहून हात आखडते. दहा मिनिटं चालू राहू द्या. वेग वरखाली नाचत असेल किंवा चार्जिंग मध्येच तुटत असेल तर दुसऱ्या कंपनीच्या चार्जरवर पुन्हा बघा. दोन्हीकडे तेच झालं तर दोष गाडीत. आणि एक साधी गोष्ट: गाडीचं कनेक्टर तुमच्या भागात चालू प्रकारचंच आहे ना? चाडेमो या बऱ्याच ठिकाणी मागे पडलेल्या फास्ट चार्जिंग कनेक्टरची गाडी स्वस्त मिळते ती उगाच नाही.

खाली वाकून बघायच्या गोष्टी

गाडी लिफ्टवर चढवायला सांगा. सपाट, लांबरुंद पत्रा दिसतो ती बॅटरीची पेटी. वरवरचे ओरखडे चालतील. आत गेलेला खड्डा, चीर, कडेच्या बोल्टजवळ वाकलेली पट्टी चालणार नाही. विशेष करून जॅक लावायच्या ठरलेल्या जागांच्या शेजारी बघा. घाईत टायर बदलताना जॅक पेटीलाच लावल्याची खूण गोल खोलगट डागासारखी दिसते. नारिंगी केबल उच्च दाबाच्या असतात, त्यांना हात लावू नका, आवरण खरचटलेलं आहे का एवढंच बघा. पेटीला मार असेल तर किंमत कमी करून घेण्यात अर्थ नाही. विमा कंपनी आणि वॉरंटी विभाग दोघेही पुढे त्याच खुणेवर बोट ठेवतील.

टायर मात्र सौद्याचं साधन आहेत. नव्या टायरची खाच ७–८ मिलिमीटर खोल असते. प्रत्येक टायर आतल्या कडेला, मध्ये आणि बाहेर असा तीन ठिकाणी मोजा. मोटर ज्या चाकांना ताकद देते तिथली झीज जास्त असणारच. तीन हजार किलोमीटरमध्ये दोन मिलिमीटर गेले असतील तर गाडी सिग्नलवरून उडवून दाखवण्यासाठीच वापरली गेली आहे. फक्त आतली कड गुळगुळीत असेल तर अलाइनमेंट बिघडलंय, बहुधा फुटपाथला धडक. बाजूच्या चार आकड्यांवरून टायर कधी बनला ते कळतं: २३२४ म्हणजे २०२४ चा २३ वा आठवडा. चारपैकी एकाचीच तारीख वेगळी असेल तर का ते विचारा.

ब्रेक वापराअभावी खराब होतात. इलेक्ट्रिक गाडी बरीचशी रिजनवर (मोटरच वेग कमी करते आणि वीज परत बॅटरीत भरते, त्यावर) थांबते, डिस्कला पॅड फारसे लागतच नाहीत आणि गंज बसतो. वरचा पातळ तांबूस थर दोन-चार ब्रेकमध्ये निघून जातो, खोल चरे पडले असतील तर डिस्क बदलावी लागते. मोकळ्या रस्त्यावर रिजन सगळ्यात कमी ठेवून ताशी ६० वरून चार-पाच वेळा दमदार ब्रेक मारा. पेडल थरथरलं तर बहुधा डिस्क असमान झाली आहे, गाडी एका बाजूला ओढली तर बहुधा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकलाय.

रंगाचं वेगळं लक्षण डेमोतच सापडतं: स्टिकर. ते काढायला ब्लेड वापरलं असेल तर क्लिअर कोटवर (रंगावरच्या पारदर्शक थरावर) सरळ, केसाएवढी रेघ राहते, आणि वर्षभर झाकलेला भाग बाजूच्या उन्ह खाल्लेल्या रंगापेक्षा गडद दिसतो. म्हणून 'डिलिव्हरीआधी काढून देऊ' मान्य करू नका, आधी काढा मग बघतो म्हणा. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर कंपनीचा रंग साधारण ९० ते १५० मायक्रॉन भरतो. एखाद्याच पॅनलवर २५० च्या वर गेला तर पुन्हा रंगवलंय, ५०० च्या पुढे पुट्टी.

सॉफ्टवेअर, किल्ल्या आणि सुटं सामान

डेमो गाडी शोरूमच्या खात्याला जोडलेली असते. ॲपवर मुख्य मालक शोरूमच राहिलं तर तुम्ही पाहुणे. कनेक्टेड सेवांची मोफत मुदतही बहुधा गाडीच्या पहिल्या दिवसापासून संपत येत असते, तिचे किती महिने उरलेत ते बघा. काही सुविधा वर्गणीवर चालतात आणि डेमोत दाखवण्यापुरत्या उघडलेल्या असतात. गाडी तुमच्या खात्यावर आली की त्या गायब. कोणत्या सुविधा कायमच्या आहेत याची यादी चासी नंबरासह लिहून घ्या. गाडी डेमो मोडमध्ये किंवा वाहतुकीच्या मोडमध्ये अडकलेली नाही ना आणि सॉफ्टवेअर ताजं आहे ना, हे सर्व्हिस सेंटर दहा मिनिटांत सांगतं.

सुटं सामान डिकीतून हळूहळू नाहीसं होतं. पोर्टेबल चार्जिंग केबल, दुसरी किल्ली, टोइंगचा हुक, पंक्चर किट, बाहेर वीज देणारा अडॅप्टर, डिकीवरचं कव्हर, मॅट. ब्रोशरमधली यादी हातात धरून एकेक ताडून बघा. केबल आणि दुसरी किल्ली दोन्ही महाग आहेत. 'नंतर पाठवतो' म्हटलेली केबल क्वचितच येते.

पैसे देताना

टोकन रक्कम कमीत कमी ठेवा आणि पावतीवर अटी लिहून घ्या: वॉरंटीची तारीख, रिकॉल पूर्ण, बॅटरीचा मोजलेला आकडा, नवी बारा व्होल्टची बॅटरी, बदलायचे टायर, सामानाची यादी, आणि यातलं काही खोटं निघालं तर टोकन परत. बॅटरीचा अहवाल कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा असेल आणि त्यावर तारीख, चासी नंबर असेल तर सहा वर्षांनी वॉरंटी मागताना तोच तुमचा आधार असतो.

ताबा घ्यायच्या दिवशी क्रम असा ठेवा: आधी शोरूमने आपल्या खात्यातून गाडी काढायची, मग पडद्यावरून फॅक्टरी रीसेट, मग जुन्या डिजिटल किल्ल्या आणि जोडलेले फोन पुसायचे, मग तुमचं खातं जोडायचं आणि तुमच्या फोनवरून दार उघडून-लावून बघायचं. हे सगळं टेबलापाशी बसून नाही, गाडीजवळ उभं राहून. जुनं खातं तसंच राहिलं तर शोरूममधला कोणीही तुमची गाडी कुठे आहे ते नकाशावर बघू शकतो, तिचं कुलूप उघडू शकतो. शोरूमची उरलेली रक्कम या चाचणीनंतर द्या.